वस्तरा पाणी पितो

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक गाल डोळ्यांसमोर आणा. तुमचा नको, तुमचा गाल चांगला आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या एका माणसाचा आणा. सावळाच, पण इतका नाजूक, की माशी बसून उडाली तरी तिच्या सहा पायांचे सहा ठसे त्यावर तासभर लाल दिसावेत. या गालावर रोज दाढी उगवते आणि रोज सकाळी ती काढावी लागते. काढली की गालाला आग लागते. न काढली तर नोकरीला आच लागते. आला का गाल डोळ्यांसमोर? मग आता डोळे उघडा, कारण पुढे वस्तरा येणार आहे, आणि वस्तरा जवळ असताना कुणीही डोळे मिटून बसू नये.

हा गाल कैलास दळवी यांचा. राहायला लोणावळ्यात, नोकरी आंबीच्या एका बिस्किटांच्या कारखान्यात, हुद्दा लाइन लीडर. बिस्किटांच्या लाइनच्या दारावर एक पाटी होती. तिची तिसरी ओळ म्हणे, दाढीचे खुंट असलेल्यास आत प्रवेश नाही. चौथी ओळ म्हणे, चेहऱ्यावर पुरळ किंवा जखम असलेल्यास आत प्रवेश नाही. या दोन ओळींच्या मधल्या बोटभर जागेत कैलासरावांनी सोळा वर्षं काढली होती. मिशीला मात्र मनाई नव्हती, ती मास्कखाली झाकली जाई, म्हणून ती त्यांनी भरघोस राखली होती. कुणी बडे पाहुणे कारखाना बघायला आले, की कैलासरावांना हळूच रिकाम्या खोक्यांच्या गोदामात पाठवलं जाई. गोवर आलेलं मूल लग्नघरातून आतल्या खोलीत पाठवतात, तसं.

पण त्या सोमवारी क्वालिटीच्या यशोधरा मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. पुढच्या सोमवारी परदेशातून तपासणीला माणसं येणार होती. त्यांना सगळी लाइन फिरवून स्वच्छतेचे नियम समजावून सांगायचे होते, आणि नियम कैलासरावांइतके कुणालाच पाठ नव्हते. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, की हे काम तुमचं. मात्र गाल स्वच्छ हवा, केस नको आणि पुरळही नको. नाहीतर गौरव आहेच.

त्यांच्याच लाइनवरचा गौरव सव्वीस वर्षांचा होता. त्याला दाढी अशी येतच नसे. त्याच्या गालावर नियम निसर्गानेच पाळले होते.

कैलासरावांनी ही बातमी घरी पोचायच्या आत सगळीकडे पोचवली. बायको राजेश्वरी, औंढ्याला राहणारे आई-वडील, शेजारचे सोपानराव, इस्त्रीवाला, सगळ्यांना कळलं. पाचवीतल्या प्रेरणाने वर्गात सांगितलं, की माझे बाबा परदेशी लोकांना शिकवणार आहेत. आता एवढं झाल्यावर गाल साफ ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आणि हातात सात दिवस होते.

आधी ते कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस दाढी करू नका. कैलासरावांनी पाटीची तिसरी ओळ सांगितली. डॉक्टर म्हणाले, मग पंधरा दिवस कामावर जाऊ नका. मुलांनो, डॉक्टरांचा सल्ला नेहमी बरोबर असतो. फक्त पुष्कळदा तो दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यासाठी असतो.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात एक गोरा गृहस्थ सांगत होता, की तुमच्या दाढीच्या यंत्राला चार पाती असतात. म्हणजे तुम्ही एकदा हात फिरवता तेव्हा गाल चारदा खरवडला जातो. तो चिडणार नाही तर काय करील? एक पातं वापरा. आजोबांचा वस्तरा वापरा. एवढं बोलून त्याने दोन मिनिटांत दाढी उरकली आणि गालावर हात फिरवून हसला. कैलासरावांनी तो व्हिडिओ सतरा वेळा पाहिला. तो गृहस्थ वीस वर्षं वस्तऱ्याने दाढी करत होता, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. व्हिडिओत ती वीस वर्षं कापून टाकलेली असतात.

तुमच्यापैकी पुष्कळांनी वस्तरा पाहिला नसेल. वितीएवढं लांब, एका बाजूला धार असलेलं पोलादी पातं, आणि ते आत घडी घालून बसवायला एक मूठ. चाकूसारखा दिसतो, पण चाकूपेक्षा मानी असतो. चाकू कुणाच्याही हातात चालतो. वस्तरा आधी हात ओळखतो.

बुधवारी पार्सल आलं. खोक्यावर "धार लावून तयार" असं लिहिलेलं होतं. पार्सल उघडायला सोपानराव हजर होते, कारण या इमारतीत कुणाचंही पार्सल त्यांच्या गैरहजेरीत उघडत नसे. सोपानराव रेल्वेत डब्यांची चाकं तपासून निवृत्त झालेले, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना चाक आणि रूळ अशीच दिसे. त्यांनी पातं डोळ्याजवळ धरलं आणि सांगितलं, की गाल हा रूळ समजा, वळणावर वेग कमी ठेवा. शिवाय तुरटी लावा, कडुलिंब लावा, हळद लावू नका, मोहरीचं तेल चालेल पण आमच्या साडूला चाललं नव्हतं. राजेश्वरीने शांतपणे विचारलं, की हे चालवायला कुणाकडून शिकणार आहात का? कैलासराव म्हणाले, त्यात शिकायचं काय, दाढी तर मी पंचवीस वर्षं करतोय.

गुरुवारी सकाळी पहिली दाढी झाली. ती झाली असं म्हणणंही धाडसाचं आहे. पात्याला धार नव्हती, म्हणून कैलासरावांनी जोर लावला. जोर लावल्यावर जिथे दाढी होती तिथे पातं अडकलं आणि जिथे नव्हती तिथे झरझर चाललं. खुंट जागच्या जागी राहिले आणि हनुवटीवर पाच ठिकाणी रक्त आलं. त्यावर वर्तमानपत्राचे पाच तुकडे चिकटवून ते कंपनीच्या बसमध्ये बसले. शेजारचा प्रवासी तळेगावपर्यंत त्यांच्या हनुवटीवरची सोन्याचा भाव सांगणारी ओळ वाचायचा प्रयत्न करत होता.

यशोधरा मॅडमनी बघितलं आणि औषधाच्या पेटीतून पाच निळ्या पट्ट्या काढून दिल्या. खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात जखमेची पट्टी निळी असते, का ठाऊक आहे? निळ्या रंगाचं खाणं जवळजवळ नसतंच, म्हणून पट्टी पडली तर लगेच दिसते. कैलासराव नियम समजावताना हे कारण फार झोकात सांगत असत. त्या दिवशी त्यांना ते कुणी विचारलं नाही. ते पाच निळ्या पट्ट्यांसह गोदामात रिकामी खोकी मोजत बसले, आणि काचेच्या भिंतीपलीकडे गौरव हातात कागद घेऊन नियम पाठ करताना दिसला. मॅडमनी खबरदारी म्हणून त्याला तयारी करायला सांगितलं होतं.

आता हा प्रश्न गालाचा राहिला नाही, इभ्रतीचा झाला. वस्तऱ्याला धार लावायची आणि गौरवच्या हातातला कागद खाली ठेवायला लावायचा. कारखान्याच्या टूलरूममध्ये धार लावायचं यंत्र होतं. शुक्रवारी कैलासराव वस्तरा डब्याच्या पिशवीत घालून निघाले, आणि गेटवर पिशवी तपासणाऱ्या रखवालदाराने तो बाहेर काढला.

रखवालदाराकडे नोंदवही होती. नोंदवहीत रकाने होते. वस्तूचं नाव, नग, धारदार आहे की नाही. धारदार म्हटलं, तर ते हत्यार ठरत होतं आणि पोलिसांना कळवणं भाग होतं. म्हणून कैलासराव म्हणाले, धारदार नाही. रखवालदाराने वहीच्या एका कागदावर पातं फिरवून पाहिलं. कागद कापला गेला नाही. तेव्हा त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, "भंगार, नग एक".

इथे कैलासराव फसले. हत्यार असतं तर पोलिसांना कळवून का होईना, संध्याकाळी परत मिळालं असतं. भंगार मात्र कारखान्यात एकदा आलं, की स्टोअरच्या पासाशिवाय बाहेर जात नाही. स्टोअरवाले म्हणाले, भंगार महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलावात निघतं. कैलासराव म्हणाले, ते माझं आहे. स्टोअरवाले म्हणाले, पावती दाखवा. पावतीवर लिहिलं होतं "धार लावून तयार". म्हणजे हे ते नव्हेच, असं ठरलं. हा वाद ऐन रंगात असताना औंढ्याहून आईचा, शालूबाईंचा फोन आला. वडिलांना, अंबाजींना, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तळेगावच्या दवाखान्यात आणलंय, तू जवळच आहेस तर येतोस का. कैलासराव म्हणाले, आई, इथे फार महत्त्वाचं काम अडकलंय, तपासणी आहे, तुला माहीतच आहे. चुलतभाऊ बरोबर होता, त्यानेच सगळं केलं.

शनिवारी संध्याकाळी चार सह्या झालेला पास मिळाला. त्यावर लिहिलं होतं, "भंगार (दाढीचे), नग एक, मालकास परत". घरी येताच त्यांनी आईला फोन लावला आणि विचारलं, नथूआबांचा नंबर आहे का? नथूआबा हे औंढ्याचे जुने कारागीर. पन्नास वर्षं त्यांनी गावाच्या दाढ्या केल्या होत्या. नंबर लिहून घेतल्यावर, फोन ठेवता ठेवता, तात्या, म्हणजे वडील, कसे आहेत हेही कैलासरावांनी विचारलं. आई म्हणाली, डोळ्याला पट्टी हाय, आत्ताच घरी आनलं. तोवर फोन ठेवला गेला होता.

नथूआबांना एका कानाने कमी ऐकू येई. कैलासरावांनी धार नसल्याची सगळी हकिगत मोठ्याने सांगितली. पलीकडून उत्तर आलं, "आरं, त्यो तान्हेला आसंल. आदी पानी पाज त्याला. पानी पाजल्याबिगर वस्तरा चालत न्हाई."

"किती वेळ पाजू?"

"धार यील तवर."

मुलांनो, मराठीत पाणी नुसतं माणसं आणि गुरं पीत नाहीत. तलवारीला पाणी पाजतात, कोयत्याला पाजतात, वस्तऱ्यालाही पाजतात. याचा अर्थ पाणी शिंपडलेल्या दगडावर पातं घासून घासून त्याला धार आणणं. कैलासरावांच्या आजोबांना हे ठाऊक होतं, वडिलांना ठाऊक होतं. कैलासरावांनी स्टीलचा ग्लास घेतला, त्यात गाळलेलं पाणी भरलं आणि वस्तरा त्यात उभा करून ठेवला. प्रेरणाने विचारलं, की बाबा, लोखंड पाण्यात ठेवलं की गंजतं ना? आमच्या विज्ञानात आहे. कैलासराव म्हणाले, पुस्तकातलं आणि अनुभवातलं यात फरक असतो.

रविवारी सकाळी ग्लासातलं पाणी चहासारखं झालं होतं. वस्तऱ्याने पाणी प्यायलं होतं हे खरं. त्याला ते बाधलंही होतं.

सोपानराव धावून आले. चाकाला गंज चढला म्हणून गाडी थांबत नसते, असं सांगून त्यांनी भांड्यांची तारेची घासणी मागवली. गंज निघाला आणि पात्याला करवतीसारखे दाते पडले. मग ते परजायला सोपानरावांनी आपला कातडी पट्टा आणला. सासऱ्यांनी लग्नात दिलेला अस्सल कातडी पट्टा म्हणून तीस वर्षं ते तो मिरवत होते. दोनदा पातं फिरवताच पट्ट्याचे पापुद्रे निघाले आणि आतून कापड दिसलं. सोपानरावांनी पट्ट्याची गुंडाळी करून ती खिशात घातली. एका वस्तऱ्याने एका सकाळी किती माणसं उघडी पाडावीत?

त्या दु:खातच त्यांनी आरसा धरला आणि दिशा सांगायला सुरुवात केली. आता आरशातलं डावं हे खरं उजवं असतं. सोपानराव आरशामागे उभे, त्यांचं डावं आणखी तिसरंच. "डावीकडे घ्या" असं ऐकून कैलासरावांनी हात वळवला आणि मिशीचं एक टोक गेलं. दुसरं टोक सारखं करायला गेले, तर ते जरा जास्त गेलं. मग पहिलं पुन्हा. माकडाने मांजरांचं लोणी वाटलं होतं, त्या न्यायाने मिशी वाटली गेली, आणि शेवटी नाकाखाली तिळाएवढा गुच्छ उरला. राजेश्वरी दारात येऊन बघून गेली. ती परत जाताना फक्त एवढंच म्हणाली, की उरलेलं कशासाठी ठेवलंय, आठवण म्हणून? तेव्हा जुन्या यंत्राने तेही काढून टाकण्यात आलं. वर सोपानरावांनी तुरटीचं पाणी चोळलं, ते डोळ्यांत गेलं.

उद्या सोमवार. गालावर चार दिवसांचे अर्धेमुर्धे खुंट, त्यावर लाल चट्टे, डोळे सुजलेले, मिशी नाही. आता राजेश्वरीने सल्ला दिला नाही, हुकूम दिला. औंढ्याला जा, नथूआबांच्या पुढ्यात बसा, आणि तात्यांना बघून या. प्रेरणाला बरोबर न्या, म्हणजे एकजण तरी नीट ऐकून येईल.

गालाची आग होत होती म्हणून कैलासरावांनी पांढरा पंचा भिजवून डोक्यावरून गालांवर घेतला. मागे प्रेरणाला बसवून स्कूटर हळू चालवत ते औंढ्यात शिरले.

आता गावाच्या नजरेने बघा. अंबाजींना शुक्रवारी गाडीत घालून दवाखान्यात नेलेलं साऱ्या गावाने पाहिलेलं. शनिवारी अंधार पडता पडता परत आणलं, ते कुणी पाहिलेलं नाही. आणि रविवारी सकाळी त्यांचा एकुलता मुलगा येतोय. डोक्यावर पांढरा पंचा, डोळे लाल, मिशी काढलेली. बाप गेल्याशिवाय आपल्याकडे मुलगा मिशी काढत नाही. गावाला आणखी काय सांगायला हवं होतं?

पारावरची माणसं उठून उभी राहिली. कुणी टोपी काढली. कैलासरावांना वाटलं, तपासणीची बातमी इथवर पोचलेली दिसते, आणि त्यांनी मान लववून नमस्कार स्वीकारला. लोक मुकाट्याने स्कूटरच्या मागे चालू लागले. दळवींच्या अंगणात पोचेपर्यंत वीस-पंचवीस माणसं झाली. शेजारच्या भागूबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांनी उंबऱ्याशी बसकण मारली आणि सूर लावला, की माझ्या भावासारखा माणूस गं, एका शब्दानं कुनाला दुखवलं न्हाई. शालूबाई पुतण्याकडे गेलेल्या, त्या घरी नव्हत्या. एक पोरगा पिठलं-भाकरी सांगायला पळाला, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही.

सूर ऐकून आतून अंबाजी बाहेर आले. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यावर काळा चष्मा. त्यांना नीट दिसत नव्हतं. पण अंगणात माणसं बसलीत आणि भागूबाई रडतीय, एवढं कळलं. ते जुन्या वळणाचे गृहस्थ. चाचपडत आले आणि सगळ्यांबरोबर मांडी घालून बसले. थोडा वेळ मान खाली घालून झाल्यावर त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "कोन गेलं रं?"

शेजारचा दोन हात मागे सरकला. भागूबाईंचा सूर मध्येच तुटला, पण आत घेतलेला श्वास बाहेर तर सोडायचा होता, म्हणून त्यांनी तो एका लांब सुस्काऱ्यात संपवला. सगळं अंगण कैलासरावांकडे बघू लागलं. अंबाजींनी काळा चष्मा वर केला आणि मुलाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं.

"मिशी कुटं गेली?"

"तात्या, ती दाढी करताना..."

"मी जित्ता हाय."

"हो तात्या."

"डोळ्याचं आपरेशन झालं तवा यायला तुला येळ न्हाई. आन माझ्या नावानं मिशी काढायला येळ गावला."

कैलासरावांनी पंचा नाकाखाली ओढून घेतला. अंबाजी पुढे म्हणाले, की आपरेशन झाल्यावर पयलं काय दिसलं, तर पोराचा बोडका व्हट. आणि मग बसल्या जागी त्यांनी वीस-पंचवीस माणसांसमक्ष कैलासरावांची जी बिनपाण्याने केली, तिच्यात एकही खुंट शिल्लक राहिला नाही.

भागूबाईंनी डोळे पुसून निर्णय दिला, की मयत रद्द झालंय, तेव्हा चूल पेटवायला हरकत नाही. चहा टाकला गेला. लोकही बसून राहिले. आलोच आहोत तर, असं प्रत्येकाचं मत पडलं.

एवढ्यात नथूआबा आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अंबाजी गेल्याचं कानावर आलं तशी त्यांनी आपली धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, खांद्याला अडकवली आणि निघाले, कारण अशा वेळी मुलाचं डोकं करायला त्यांनाच यावं लागतं. अंगणात अंबाजींना चहा पिताना पाहून ते दारातच थबकले. मग म्हणाले, बरं झालं, आणि परत फिरले.

त्यांना थांबवलं ते प्रेरणाने. तिने धोकटीचा पट्टा धरला आणि विचारलं, "आबा, वस्तऱ्याला पाणी कसं पाजतात? बाबांनी ग्लासात पाजलं."

नथूआबांनी कैलासरावांचा वस्तरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत केला. "ह्यो वस्तरा न्हाई," ते म्हणाले, "ह्यो वस्तऱ्याचा फोटू हाय."

मग ते ओट्यावर बसले. स्वतःचं हत्यार त्यांनी उकळत्या पाण्यातून काढायला लावलं. काळा गुळगुळीत दगड काढून त्यावर पाणी शिंपडलं, पातं त्यावर आडवं फिरवलं, मग चामोटं, म्हणजे कातड्याची पट्टी, खुंटीला अडकवून त्यावर परजलं. आपल्या हातावरचा एक केस त्यांनी नुसता स्पर्शाने उतरवून दाखवला. प्रेरणा म्हणाली, म्हणजे पाणी दगडाला पाजायचं होतं. नथूआबा म्हणाले, दगुड पितो आन वस्तऱ्याला चढतं.

कैलासरावांना वाटलं, आता सुरू होईल. पण नथूआबांनी गरम पाण्यात पिळलेला पंचा त्यांच्या गालांवर ठेवला आणि दुसऱ्या माणसांशी भाताच्या गप्पा मारू लागले. दहा मिनिटं झाली. कैलासराव चुळबुळले. नथूआबांनी पंचा बदलला आणि पुन्हा भाताकडे वळले. नंतर बोटाने गाल चाचपून त्यांनी केस कुठे कोणत्या बाजूला झुकलेत ते पाहिलं. इकडे खाली, तिकडे आडवे, गळ्यापाशी वर. कातडी ताणून धरली, पातं जवळजवळ आडवं ठेवलं आणि केसांच्या कलाने एकदाच फिरवलं. पुन्हा त्या जागी हात नाही. दोन मिनिटांत दाढी झाली. जखम एकही नाही. गाल चिडला नाही, उलट इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारपूस केल्यासारखा शांत झाला.

कैलासराव म्हणाले, माझी कातडी फार नाजूक आहे हो आबा. नथूआबा हत्यार पुसत म्हणाले, "कातडी चांगली हाय. तूच घाईचा हायेस."

पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, आलोच होतो. धोकटी आवरून निघाले.

सोमवारी सकाळी तो गाल बघण्यासारखा होता. कैलासराव इस्त्रीचे कपडे घालून, नियम मनाशी घोकत गेटवर गेले आणि हजेरीच्या यंत्रासमोर उभे राहिले. हे यंत्र चेहरा पाहून दार उघडतं. त्याने चेहरा पाहिला आणि लाल अक्षरांत लिहिलं, "ओळख पटली नाही". कैलासराव हसून उभे राहिले, गंभीर होऊन उभे राहिले, नाकाखाली दोन बोटं आडवी धरून उभे राहिले. यंत्राला सोळा वर्षांची मिशी हवी होती.

रखवालदार म्हणाला, साहेब, मी तुम्हाला ओळखतो. पण दार मशीनचं आहे. नव्या चेहऱ्याची नोंद करायला अर्ज होता. अर्जावर लाइन लीडरची सही लागत होती. कैलासराव म्हणाले, लाइन लीडर मीच आहे. रखवालदार म्हणाला, असाल, पण तुम्ही आज अजून आत आलेला नाहीत, आणि बाहेरच्या माणसाची सही चालत नाही.

निरोप गेला, यशोधरा मॅडम स्वतः बाहेर आल्या. त्यांनी खिशातली बॅटरी काढून दोन्ही गाल, हनुवटी, गळा बारकाईने तपासला. सोळा वर्षांत प्रथमच त्यांच्या कपाळाला आठी पडली नाही. त्या म्हणाल्या, "गाल पास आहे. पण माणूस यादीत नाही." त्यांनी फोन लावले, पण यंत्राची किल्ली ज्या साहेबांकडे होती ते पुण्याहून निघालेले होते. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्या आल्या.

लाइन गौरवने दाखवली. कैलासराव रखवालदाराच्या केबिनशी उभे राहिले. आत जाताना एका पाहुण्याने त्यांच्याकडे बघून मान डोलावली आणि आपली छत्री त्यांच्या हातात दिली. कैलासरावांनी ती चार तास नीट सांभाळली. दुपारी मॅडम पुन्हा आल्या. गौरव चौथ्या नियमापाशी अडखळला होता, त्यांनी ते लपवलं नाही. महिन्याने दुसरे पाहुणे यायचे आहेत, म्हणाल्या, तेव्हा तुम्हीच. गाल मात्र रोज असाच हवा, एका दिवसापुरता नको.

संध्याकाळी कैलासराव घरी आले. प्रेरणाने परदेशी लोकांनी काय काय विचारलं ते विचारलं नाही. तिला चेहऱ्यावरून कळलं होतं. त्यांनी चहा घेतला, आणि थोड्या वेळाने मोबाइल काढून पुन्हा बोट फिरवू लागले. एक नवा संच आला होता, बारा वस्तूंचा. जर्मन दगड, दोन चामोटी, तीन ब्रश, सोबत शिकण्यासाठी व्हिडिओ मोफत. सोपानराव खांद्यावरून वाकून बघत होते आणि जर्मन रेल्वेची चाकं किती चांगली असतात ते सांगत होते. बोट खरेदीच्या बटणावर आलं.

प्रेरणाने मोबाइल त्यांच्या हातातून काढून घेतला, बारा वस्तूंचा संच बंद केला आणि नथूआबांचा नंबर लावला. पलीकडून फोन उचलला गेला, आणि नाव-गाव न विचारता पहिलाच प्रश्न आला, "कोन गेलं?"

"कुणी गेलं नाही, आबा," प्रेरणा त्यांच्या चांगल्या कानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "मला बाबांची शिकवणी लावायची आहे."

प्रेरणाने फोन कानाशीच धरून ठेवला. तिने दुसऱ्या हाताने दप्तरातून वही आणि पेन्सिल काढली, पानावर बाबांचं नाव लिहिलं, खाली रविवारचे चार रकाने आखले, आणि आबा वेळ सांगतील ती लिहून घ्यायला पेन्सिल टेकवून बसली.